एका पेशीला तीन धागे

सोमवारी सकाळी मी डिश मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि पहिल्याच पेशीला दोन लांब धागे दिसले. पुढच्या पेशीला तीन. तिच्या पलीकडची ठीक होती, एक लांब धागा आणि बाकीचे आखूड, जसं असायला हवं तसं. पण तिच्या शेजारची पुन्हा दोन धाग्यांची. मी डिश उचलून झाकणावरचं अक्षर पाहिलं. अक्षर माझंच. 'साधी' असं लिहिलेलं. म्हणजे जिच्यात औषध घातलेलं नाही, ती डिश.

मी उठले आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं. का लावलं ते तेव्हाही सांगता आलं नसतं. मनात एवढंच आलं होतं की माझ्या डिशला कोणीतरी हात लावलाय.

धुळ्यात देवपुरातल्या एका कॉलेजात मी पीएचडी करत होते. प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत टेबलं, सिंक आणि काचसामान धुण्याची जागा. आतली खोली कल्चर रूम, म्हणजे पेशी वाढवण्याची. तिथे इनक्युबेटर, मायक्रोस्कोप, फ्रीज आणि सतत कुरकुरणारा एसी. या आतल्या खोलीच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. एक आमच्या सरांकडे, एक माझ्याकडे, एक ताईंकडे. ताई माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या. त्या विभागात तासिकांवर शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात सरांकडे संशोधन करायच्या. अंड्यातल्या पिल्लाच्या मेंदूतून पेशी कशा काढायच्या हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पहिले दोन महिने माझ्या हातात चिमटा थरथरायचा. तेव्हा त्या माझ्या मनगटाखाली स्वतःचा तळहात धरायच्या.

आमचं काम ऐकायला अवघड वाटतं, पण बघायला सोपं आहे. आठ दिवस उबवलेल्या अंड्यातल्या पिल्लाचा मेंदू तुरीच्या दाण्याएवढा असतो. त्यातल्या पेशी सुट्या करून डिशमध्ये टाकल्या की त्या आधी नुसत्या गोल असतात. काही तासांत प्रत्येक पेशीला चार-पाच आखूड हात फुटतात, सगळे सारखे. दिवसभर ते थोडे वाढतात, थोडे आखडतात. कोणता पुढे जाईल हे ओळखू येत नाही. मग त्यातला एकच हात एकाएकी लांब पळत सुटतो. तो त्या पेशीचा निरोप पाठवणारा धागा. बाकीचे मागे राहतात आणि पुढे निरोप ऐकून घेण्याचं काम करतात. पेशीची एक बाजू बोलणारी आणि दुसरी ऐकणारी, हे तिथे ठरतं.

हे ठरतं कशावरून, हा आमचा प्रश्न होता. प्रत्येक हाताच्या आत अतिशय बारीक नळ्यांचा सांगाडा असतो. या नळ्या सारख्या बांधल्या जातात आणि सारख्या मोडतात. हाताच्या टोकाला दुसऱ्याच तंतूंची दाट जाळी असते. जो हात जिंकणार, त्यातल्या नळ्या इतरांच्या आधी टिकाऊ होतात आणि त्याच्या टोकाची जाळी सैल पडते. मग नळ्यांना पुढे घुसायला वाट मिळते. नळ्यांना मोडू न देणारं एक औषध आहे, पॅक्लिटॅक्सेल. ते अगदी थेंबाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी घातलं, तर एकाच पेशीचे दोन-तीन हात लांब पळतात. सगळ्यांनाच आपण निवडले गेलो असं वाटतं. मी कोणत्या वेळी औषध घातलं की किती पेशी अशा बिघडतात ते मोजत होते. साध्या डिशमधल्या पेशी मात्र एकधागी राहायला हव्यात. त्यांच्याशीच तर तुलना करायची. त्याच बिघडल्या तर सगळी मोजणी केराच्या टोपलीत.

माझ्या डिश शनिवार-रविवारी एकट्या असायच्या, कारण मी तेव्हा जळगावला असायचे. त्या वर्षी माझ्या आईच्या स्तनात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, आणि मग दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध. आमचं गाव रावेरच्या बाजूला, केळीचं. तिथून येजा झेपणार नाही म्हणून आई मेहरूणला माझ्या भावाकडे राहायला आली. मी गुरुवारी पेशी डिशमध्ये टाकायचे, शुक्रवारी दुपारी औषध घालायचे आणि एरंडोलवरून जाणारी बस पकडायचे. सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. मधल्या दोन दिवसांत इनक्युबेटरचं तापमान आणि त्याला जोडलेला गॅसचा सिलिंडर बघायला ताई असायच्या. तसं आमचं ठरलेलं होतं. डिश बाहेर काढायच्या नाहीत, हेही.

त्या सोमवारी मी दार उघडून बाहेर आले तेव्हा नाना सिंकपाशी काचेच्या बाटल्या विसळत होते. नाना आमच्या विभागाचे शिपाई, निवृत्तीला आलेले, साक्रीकडचे. मी सहज विचारावं तसं विचारलं, "नाना, काल कोणी आलं होतं का?"

"ताई उन्या व्हत्यात," नाना म्हणाले. "तासभर मधमा बठेल व्हत्यात. तुन्या डिश दखी राहिंत्यात."

"आत बसून माझ्या डिश बघत होत्या? मायक्रोस्कोपखाली?"

"मंग आखो कसामा दखतीन?" नाना हसले आणि पुन्हा बाटलीत ब्रश घातला.

दुपारी ताई तास संपवून आल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या रविवारबद्दल काही बोलतात का ते मला ऐकायचं होतं. त्यांनी आईची चौकशी केली. या वेळी उलट्या झाल्या का, जेवण जातं का, सगळं विचारलं. डबा उघडून शेवभाजी पुढे सरकवली. रविवारचं नाव नाही.

मी म्हटलं, "सिलिंडर ठीक होता ना?"

"हो. शनिवारी बघितला."

"आणि रविवारी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. "रविवारी पण ठीक होता."

तिथून माझं डोकं फिरलं. एकदा मनात घेतलं की सगळंच त्या बाजूला झुकायला लागतं. फ्रीजमधली औषधाची छोटी बाटली मी नेहमी लेबल समोर करून ठेवायचे. ती मागे वळलेली दिसली. त्यातलं औषध कमी झाल्यासारखं वाटलं. मी बारीक पेनाने काचेवर रेघ मारली. पुढच्या सोमवारी औषध रेघेवरच होतं, तर मला वाटलं त्यांनी रेघ पाहिली असणार आणि सावध झाल्या असणार. कारणही मी शोधून काढलं. सरांनी महिन्यापूर्वी सांगितलं होतं की या कामाचा लेख निघाला तर पहिलं नाव माझं असेल. ताई तेव्हा "छान" म्हणाल्या होत्या. ते छान मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि दर वेळी ते मला जास्तच कोरडं वाटू लागलं.

तिसऱ्या आठवड्यातही साध्या डिशमध्ये जास्तीचे धागे निघाले, तेव्हा मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

सर मितभाषी. सगळं ऐकून घेतल्यावर ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "तू त्यांना विचारलंस का?"

"विचारून त्या सांगतील का सर?"

"तुझी खात्री आहे?"

मी हो म्हटलं. खात्री नव्हती. पण नाही म्हटलं असतं तर आत आलेच कशाला असं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी ताईंना बोलावलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही. दहा मिनिटांत ताई बाहेर आल्या, पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली कल्चर रूमची किल्ली नखाने सोडवली आणि माझ्या वहीवर ठेवली. सरांच्या टेबलावर नाही, माझ्या वहीवर. पंधरा दिवसांत त्यांनी धरणगावला एका ज्युनियर कॉलेजात शिकवायची नोकरी धरली. त्या तिकडच्याच होत्या, तिथे त्यांचं माहेर होतं. जाताना त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला, नानांचासुद्धा. मी त्या वेळी मुद्दाम लायब्ररीत जाऊन बसले होते.

मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. त्या शुक्रवारी मी स्वतः कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि जळगावला गेले. सोमवारी परत आले. कुलूप जसंच्या तसं. डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली.

दोन धागे. तीन धागे. दोन.

मी खुर्चीत बसले ती उठेचना. ताई धरणगावात होत्या. सर पूर्ण आठवडा नाशिकला. किल्ली माझ्या पर्समध्ये, उशाशी. आणि माणसाचं मन कसं असतं बघा, मला स्वतःकडे बघायचं सुचलं नाही. मला नाना सुचले. नानांकडे बाहेरच्या खोलीची किल्ली असते. आतल्या कुलपाची त्यांनी दुसरी करून घेतली असेल तर? ताईंनी त्यांच्याकडून करवून घेतलं असेल तर?

मी त्यांना हटकलंच. "नाना, आतल्या खोलीत तुम्ही गेला होतात का?"

नानांनी हातातलं बीकर खाली ठेवलं. फडक्याला हात पुसले. "तुले मनावर बी शक शे का, पोरी?"

त्यांच्यावर संशय होताच; मी त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघत होते.

"मी बावीस साल काच धोई राहिनू आठे," ते म्हणाले. "कोनी माले आसं इचारं नही."

त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. माझं काचसामान मात्र पहिल्यासारखंच चकचकीत धुऊन यायचं.

पुढच्या खेपेला मी मेहरूणला गेले ती मोजणीची वही बरोबर घेऊन. शनिवारी आईचं सलाइन झालं. रविवारी सकाळी भाऊ-वहिनी बाजारात गेले होते. मी आंघोळ करून बाहेर आले तर आई पलंगावर माझी वही मांडीवर घेऊन बसलेली. आई सातवी शिकलेली. खताच्या पोत्यांवरची इंग्रजी अक्षरं जुळवून वाचायची तिला सवय होती. तिच्या एका हाताखाली दवाखान्याची फाइल उघडी होती आणि ती बोटाने एकदा इकडे, एकदा तिकडे अक्षरं लावत होती.

"हे काय वं?" ती म्हणाली. "हे नाव माह्या बाटलीवर बी आहे, अन् तुह्या वहीत बी आहे."

ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. आईच्या सलाइनमध्ये जायचं ते आणि माझ्या डिशमध्ये जायचं ते, औषध एकच होतं. मी ते तिला सांगितलं नव्हतं.

"तेच औषध आहे, आई."

"म्हंजे कोंबडीच्या पिल्लायले जे घालते तेच मले घालून राह्यले?" तिचे डोळे बारीक झाले. "माह्यावर पाहून राह्यली का काही? का माह्या बाटलीतलं काढून नेते?"

"आई, काहीतरी काय. ते औषध जगभर देतात. गाठीच्या पेशींना दोनाच्या चार होताना आतल्या नळ्या मोडाव्या लागतात, पुन्हा बांधाव्या लागतात. हे औषध त्या मोडू देत नाही. म्हणून गाठ वाढत नाही."

"अन् तुह्या पिल्लायले तर गाठ नई. त्यायले कावून देते?"

मी तिला पलंगावर शेजारी बसून सगळं सांगितलं. वहीच्या मागच्या पानावर पेशी काढली, हात काढले, हातांतल्या नळ्या काढल्या. ती लक्ष देऊन बघत होती, पण माझ्यावर विश्वास ठेवून नाही. बाजारात भाव सांगणाऱ्याकडे बघते तशी. मी उठून चहा केला. स्टीलचा पेला तिच्या हातात दिला आणि माझा आणायला आत गेले. परत येऊन बघते तर ती तो पेला पूर्ण मुठीत धरून बसलेली. वाफा निघत होत्या. तोच पेला मी पदराने धरून आणला होता.

"आई, ठेव तो!"

तिने दचकून पेला ठेवला. तळहात लालभडक झाला होता. तिला कळलंच नव्हतं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

तिने हात पदराखाली घेतला.

"आई, बोटांना कळत नाही असं किती दिवस झाले?"

"तिसऱ्या बाटलीपासून," ती म्हणाली. "पायाचे आंगठे तर त्याच्या आधीच मेले. मी म्हटलं सांगितलं तर डॉक्टर औषध बंद करतीन." मग तिने मान वर केली. "तुले माहीत होतं ना? या औषधानं आसं होतं, ते?"

मला माहीत होतं. पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरातले सगळ्यात लांब. त्यांच्या आतल्या नळ्यांवरूनच टोकापर्यंत सगळा माल वाहून जातो. या औषधाने त्या नळ्या ताठरतात, वाहतूक तुंबते आणि आधी टोकं उपाशी पडतात. मी यावर वाचलं होतं, विभागात सगळ्यांसमोर बोललेही होते. घरी मात्र गप्प राहिले, कारण आधीच सांगितलं तर ती सलाइन घ्यायलाच तयार होणार नाही असं मला वाटलं.

"होतं माहीत," मी म्हटलं.

मी तिच्या हाताला बर्फ लावत होते. तिने हात काढून घेतला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. मग एकाएकी तिने पुन्हा वहीत बोट ठेवलं. "अन् ही काय? ही 'साधी'?"

"त्यात औषध नसतं. त्यातल्या पेशी नीट वाढायला हव्या. पण वाढत नाहीत. कोणीतरी त्यात औषध घालतंय."

"तू काय घालते त्यात?"

"काही नाही."

"काहीच नई?"

"म्हणजे... औषध ज्या पातळ द्रवात विरघळवतो, तो नुसता द्रव घालते. तेवढाच. दोन्ही डिशला सारखं काहीतरी पडावं म्हणून."

"मंग काही नई कसं?" आई म्हणाली. "घालते तर खरं. अन् म्हनते काही नई घालत. मलेबी आसंच सांगत व्हती तू."

मी तिथेच थांबले. तो द्रव घालणं माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की मी त्याला मोजतच नव्हते. अंडी वाचावीत म्हणून काहीही न घातलेली डिश ठेवणंही मी मधल्या काळात बंद केलं होतं.

सोमवारी आईच्या डॉक्टरांना भावाने बोटांचं सांगितलं. त्यांनी औषध बंद केलं नाही, प्रमाण कमी केलं आणि आईला दटावलं की असं लपवायचं नसतं. मी तोपर्यंत धुळ्याच्या गाडीत होते.

त्या गुरुवारी मी तीन तऱ्हेच्या डिश ठेवल्या. एकीत काहीच नाही. दुसरीत माझ्या फ्रीजमधल्या छोट्या नळीतला नेहमीचा द्रव. तिसरीत नवी सीलबंद बाटली फोडून काढलेला तोच द्रव. तो आठवडा मी जळगावला गेले नाही. रविवारी दुपारी डिश काढल्या. पहिलीत एकेक धागा. तिसरीत एकेक धागा. दुसरीत, माझ्या नळीच्या द्रवाच्या डिशमध्ये, पेशीला दोन-दोन, तीन-तीन.

मी ती नळी उजेडात धरली. नखाएवढी प्लास्टिकची नळी. बाटलीतून भरून ठेवलेल्या औषधाच्या नळ्याही अगदी तशाच. दोन्ही एकाच दिवशी भरलेल्या. झाकणावर माझ्या अक्षरात वार आणि तारीख होती. आईच्या दुसऱ्या सलाइननंतरचा मंगळवार. त्याआधीच्या रविवारी रात्री आईला इतक्या उलट्या झाल्या होत्या की मी सोमवारी निघूच शकले नव्हते. मंगळवारी गाडीतून उतरून थेट कॉलेजात आले आणि उभ्या उभ्या नळ्या भरल्या. औषधात बुडवलेलं पिपेटचं टोक न बदलता पुन्हा द्रवाच्या नळीत घातलं असणार. मला ते आठवत नाही. पण त्या दिवशी खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

नाना सोमवारी आले तेव्हा सगळ्यात आधी त्यांना सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "बठ्ठं तूच करं व्हतं तं." त्यात राग नव्हता. मला राग असता तर बरं वाटलं असतं.

सरांनी वही मागवून घेतली. त्या मंगळवारनंतरच्या सगळ्या मोजणीवर त्यांनी लाल पेनाने तिरकी रेघ मारली. मग पेन बंद करून म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं. नुसतं ऐकलं." वही परत देताना म्हणाले, "त्यांना तू सांगणार, का मी?"

"मी जाते," मी म्हटलं.

धरणगावला जाताना सगळ्या वाटेभर फुटलेला कापूस होता आणि मी तयार केलेली वाक्यं एकेक करून विसरत होते. कॉलेज दुपारी सुटत होतं. ताई अकरावीच्या वर्गातून बाहेर आल्या, मला पाहिलं आणि चालण्याचा वेग जराही बदलला नाही.

"आई कशी आहे?" हाच पहिला प्रश्न.

मी बाहेरच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. नळी, मंगळवार, पिपेटचं टोक. माफी मागितली. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "रविवारी मी तुझ्या डिश का बघत होते, ते विचारलंस का कधी?"

"नाही."

"मला वाटत होतं तू आकडे बनवतेस."

पोरांचा एक घोळका पुढे जाईपर्यंत त्या थांबल्या.

"तुझी आई आजारी. तू अर्धी इथे, अर्धी तिथे. आणि वहीत आकडे मात्र नियमित. एका सोमवारी तू मोजणी करून गेलीस आणि मी सहज त्याच डिश पाहिल्या. साध्या डिशमध्ये दोन धाग्यांच्या पेशी दिसत होत्या. तुझ्या वहीत एकही नव्हती. म्हणून मग मी रविवारी येऊन, तू मोजायच्या आधी, बघायला लागले."

तो सोमवार मला आठवला. त्या दिवशी माझे डोळे मिटत होते. मी अर्ध्याच जागा मोजल्या होत्या आणि उरलेल्या त्याच हिशेबाने भरून काढल्या होत्या. ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या व्हरांड्यात ताईंना सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "तेच वाटलं मला."

"मग सरांना का नाही सांगितलंत? त्यांनी तुम्हाला बोलावलं तेव्हा तरी?"

"तुझ्या आईचे उपचार चालू होते," त्या म्हणाल्या. "आणि माझी पण पूर्ण खात्री नव्हती. खात्री नसताना मी कोणाचं नाव घेत नाही."

त्यांनी शिपायाला सांगून चहा मागवला. आम्ही स्टाफरूममध्ये बसून तो प्यायलो. मी परत येण्याबद्दल विचारलं. सर पुन्हा किल्ली द्यायला तयार होते. ताई म्हणाल्या, इथे बरं चाललंय, पगार महिन्याच्या महिन्याला होतो, आणि पोरं प्रश्न विचारतात. निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "पुढच्या वेळी येशील तेव्हा फोन करून ये," म्हणाल्या. मी बसमध्ये बसले तरी ते 'ये' या अर्थाने होतं की 'येऊ नकोस' या अर्थाने, ते मला कळलं नाही.

मी सगळं काम पहिल्यापासून केलं. दर आठवड्याला काहीही न घातलेली डिश ठेवली. तीन महिन्यांनी पहिली धड मोजणी हाती आली, तेव्हा पेशींचे फोटो आणि आकड्यांचं पान मी ताईंना फोनवर पाठवलं. सोबत काही लिहिलं नाही. त्यांनी ते पाहिल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला.

मग एका दुपारी एक ओळ आली. "तिसऱ्या फोटोत उजव्या कोपऱ्यातली पेशी मेलेली आहे. ती मोजणीत धरलीस का?"

मी फोटो मोठा करून पाहिला. पेशीची कड फाटलेली होती, आत फुगे धरले होते. मी ती धरली होती. आकडा खोडला, पानभर बेरीज पुन्हा केली आणि नवं पान त्यांना पाठवून दिलं.